शुगर लँडचा राजा आणि मावशीची फरशी

ह्यूस्टनच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. अमेरिकेचं पहिलं दर्शन मला असं धुरकट झालं. उषामावशी गाडीतून उतरलीच नाही. खिडकीची काच बोटभर खाली करून म्हणाली, "पटकन बस गं, कूलिंग बाहेर जातंय!" पाऊण तासाने शुगर लँडला तिच्या घरी पोहोचलो, तर घरातलं कूलिंग आधीच गेलेलं.

शनिवार होता. मावशीने एसीवाल्याला चार फोन केले. चौथ्या फोनवर ती इंग्रजीत म्हणाली, "माझी भाची इंडियातून आलीय, ती मेली तर जबाबदार कोण?" मी शेजारीच उभी होते, जिवंत.

अर्ध्या तासात तो आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, घाना देशातला माणूस. मावशी त्याला 'नाना' म्हणत होती.

"शूज बाहेर हं, नाना. आत देव आहेत."

तो उंबऱ्यावर थांबला. "मॅडम, जास्तीच्या सपाता आहेत का?"

मावशीच्या होत्या, गुलाबी आणि पाच नंबरच्या. त्याने रिकाम्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मग बूट काढले. बूट काढायला कुणी इतका वेळ घेतलेला मी पाहिला नव्हता. मावशी "मी जरा इंडियन ग्रोसरीत जाऊन येते, तिथे थंड असतं" म्हणून निघून गेली.

अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे मला बघवत नाही, म्हणून मी पायांकडे बघते. दीड तास मी त्याचे पाय पाहिले. करडे मोजे, डाव्या अंगठ्याला भोक. फरशी चकचकीत, पांढरी. त्याचा फोन सारखा वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

दोन आठवड्यांनी मावशीला आकोसुआचा फोन आला. मावशी हॉस्पिटलमध्ये भूल द्यायची, तेव्हा आकोसुआ तिथे नर्स होती. फोन ठेवून मावशी म्हणाली, "आपला एसीवाला इथल्या घानावाल्यांचा राजा आहे म्हणे. त्या शनिवारी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याचे अंत्यविधी होते आणि राजा गेलाच नाही. आता चौकशी आहे. आपल्या घरी होता, हे तुला तिथे येऊन सांगायचंय."

"मला? तू सांग ना!"

"मी कुठे होते? मी तर भेंडी निवडत होते."

चौकशीचा हॉल डेंटिस्टचा दवाखाना आणि कराटेचा क्लास यांच्या मधे होता. आत, छताखाली, एक प्रचंड लाल छत्री उघडलेली. छत्रीखाली आमचा एसीवाला, एक खांदा उघडा ठेवून अंगभर रंगीत वस्त्र गुंडाळलेला, हातात सोन्याची कडी, पायांत रुंद काळ्या चपला. त्याच्या बाजूला तसल्याच थाटात आकोसुआ. ती त्यांची ओहेमा (राणीआई) होती. दोघांनाही सगळे 'नाना' म्हणत होते. तो मान होता, नाव नव्हे.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मला समजावलं. राणीआई म्हणजे राजाची आई किंवा बायको असेलच असं नाही. राजा कोण व्हावा हे ती सुचवते, आणि चारचौघांत त्याला झापायचा हक्क फक्त तिला. राजाशी थेट बोलायचं नाही. मधे ओचिआमे (राजाच्या वतीने बोलणारा) असतो, आपण त्याला सांगायचं आणि तो पुढे सांगतो. हा ओचिआमे एरवी स्कूलबस चालवायचा. त्याच्या हातात सोनेरी मुठीची काठी होती.

आयुष्यात प्रथमच मला वाटलं, ही माझ्यासाठी केलेली व्यवस्था आहे.

"त्या दिवशी ते आमच्याकडे होते," मी ओचिआमेच्या कानात पुटपुटले.

त्याने काठी आपटली. सात समुद्र ओलांडून आलेली एक कन्या, टेक्सासच्या उन्हात तडफडणारी, आणि राजाने तिचे प्राण वाचवले, असं तो बराच वेळ सांगत राहिला. टाळ्या पडल्या. मावशी मागून म्हणाली, "तडफडत वगैरे नव्हती काही."

टाळ्यांनी मला चेव आला. राजाच्या बाजूने आणखी काही चांगलं सांगावं म्हणून मी म्हणाले, आणि नेमकं मोठ्याने म्हणाले, "ते फार नम्र आहेत. त्यांनी दाराशी बूट काढले आणि दीड तास तसेच काम केलं."

राजाने डोळे मिटले.

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "राजाला काढायचं असलं ना, की त्याच्या चपला काढतात. अनवाणी पाय जमिनीला लागला, की राजेपण संपलं."

म्हणजे मी त्याला संपवलं होतं. मावशीच्या फरशीवर.

वडीलधारे एकदम बोलायला लागले.

"टाइल म्हणजे जमीन नव्हे! खाली काँक्रीट असतं."

"आणि काँक्रीटच्या खाली?"

"टेक्सास."

"मग झालं तर!"

शेवटी आकोसुआने हात वर केला. "मोजे होते का?"

सगळे माझ्याकडे वळले. मी ओचिआमेच्या बाहीला धरलं आणि कानात खरं तेवढं सांगितलं. मोजे होते, पण डाव्या अंगठ्याला भोक होतं.

तोही माझ्या कानाशी वाकला. "मुली, मोजे पाहिलेस ना? मी मोजे सांगतो."

काठी आपटली. "मोजे होते! जाड, काळे, राजाला शोभणारे!"

करडे होते.

मग वडीलधारे "म्हातारीला विचारून येतो" म्हणून उठले. "कोण म्हातारी?" मी विचारलं. "कुणीच नाही," शेजारच्या बाई म्हणाल्या, "पण तिला विचारल्याशिवाय निकाल देत नाहीत." ती कुणीच नसलेली म्हातारी पार्किंगमध्ये, एसी लावलेल्या मिनीव्हॅनमध्ये होती बहुधा, कारण सगळे तिथेच वीस मिनिटं बसले होते.

निकाल आला. मोजे हे पादत्राणच. राजा राहील, मात्र वारलेल्या म्हाताऱ्याच्या घरी स्वतः जाऊन माफी मागेल आणि एक मेंढा देईल. मग आकोसुआ उठली आणि राजाला सर्वांदेखत इतकं झापलं, की मलाच खाली बघावंसं वाटलं. खाली त्याच्या चपला होत्या, पायांतच.

नंतर जेवण. जोलोफ (टोमॅटोतला तिखट भात), तळलेली केळी आणि केंकी (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा पानात उकडलेला गोळा). मावशीने केंकीचा घास घेऊन जाहीर केलं, "सेम आंबोळीचं पीठ!" आणि डबा भरून घेतला.

निघताना आकोसुआने मला जवळ ओढलं. "कुठल्या पायाला भोक होतं?"

मधे ओचिआमे नव्हता. "डाव्या," मी म्हणाले.

"हं. उजव्यालाही पडणार. थोरली बहीण आहे मी त्याची, लहानपणापासून पाहतेय." तिने पर्समधून मोज्यांचं नवं पाकीट काढून दाखवलं आणि परत आत ठेवलं. "आज नाही देणार. आज मी रागावलेली आहे."

मी नाशिकला परतले त्याच आठवड्यात आमचा गीझर बिघडला. दुरुस्तीला एक काका आले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "चपला बाहेर काढा हं!" ते वाकले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, चेहऱ्याकडेही.

"असू द्या काका, घालून या आत," मी म्हणाले. नेमकं मोठ्याने.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "अगं, फरशी आत्ताच पुसलीय!"

"मी पुसेन परत."

काकांनी दारातूनच जिन्यात वर-खाली पाहिलं, आणि चपलांसकट आत आले.