अडकलेला काटा

पाटणहून इस्लामपूरला जाताना मी शेजारच्या पिकअपवाल्याच्या गाडीत बसायचो. टाकीत डिझेल असलं तरी काटा मध्येच तळाला पडायचा आणि मला धडकी भरायची. तो मात्र बोटाच्या पेराने काचेवर टकटक करायचा.

"मास्तर, काटा अडकतोय. गाडीला काय बी झालेलं न्हाई."

काटा खरंच वर यायचा. मला त्या टकटकीचा वैतागच होता.

परवा दवाखान्यात त्याला डबा द्यायला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोच्या उशाशी ठेवलेल्या यंत्रावरची रेघ सरळ झाली. नर्स डॉक्टरांना आणायला धावली. तो उठला आणि यंत्राच्या काचेवर टकटक करू लागला.

"अडकलंय, मास्तर. तिला काय बी झालेलं न्हाई."

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं. काळ्या काचेवर त्याची टकटक चालूच राहिली, आणि त्याचा हात धरायची माझी छाती झाली नाही.