साडेएकतीस किलोंचं वाळवण

जगात विकत घेण्याजोगी वस्तू एकच, ती म्हणजे मीठ, आणि तेही अकोल्याला समुद्र नाही म्हणून, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्या वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीण. इवाई म्हटला की त्याचा मान, त्याची टोपी, त्याचं रुसणं या सगळ्यासाठी मुलीच्या आईला वेगळी वही घालावी लागते. मीही घातली होती. पहिली दोन पानं सोडली तर ती अजून कोरी आहे, कारण या गृहस्थांना रुसायला सवडच नसते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात एक दिवस रिकामे राहिलेले कोणी पाहिले नाहीत.

मुलगी बघायला ते पहिल्यांदा अमरावतीला आमच्या घरी आले, तेव्हा मी सकाळचं सगळं मिनिटांत बसवून ठेवलं होतं. अकराला पोहे, सव्वाअकराला चहा, साडेअकराला लेक बाहेर. ते आले, पाणी प्यायले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या तेलाच्या पिप्याकडे बघत म्हणाले, "इहीणबाई, हा पिपा रिकामा हाय काय?" लग्न ठरायचं होतं, लेक अजून आतच होती आणि हे मला इहीणबाई म्हणून मोकळे. मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांचं लक्ष ना पोह्यांत, ना मुलीत. परतताना अकोल्याच्या एसटीत ते पिपा मांडीवर घेऊन बसले. साखरपुड्याला तो परत आला तो ओळखू येईना. वर कापसाची गादी, कडेला जुन्या सतरंजीची झालर, आत कांदे-बटाटे ठेवायची सोय आणि हवा जायला खिळ्याने पाडलेली नक्षीदार भोकं. शेजारच्या काकू अजून म्हणतात, या घरातून सासरी आधी पिपा गेला, मग मुलगी. त्या पिप्यावर बसून मी रोज भाजी निवडते. दुकानातल्या कोणत्याही स्टुलाने माझ्या कमरेला इतकं सुख दिलेलं नाही, हेही सांगून टाकते.

त्यांच्या घरातून कचरा निघतच नाही. जीन्सच्या पायांच्या पिशव्या होतात, साड्यांच्या गोधड्या, नारळाच्या करवंटीचा डाव, आणि बाटल्यांची झाकणं तारेत ओवून गरम गंज ठेवायचं आसन. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. लग्नपत्रिकांची ते पाकिटं करतात. आतली बाजू बाहेर, कडेला हाताने काढलेली वेलबुट्टी, इतकं देखणं पाकीट की आहेर काढून घेऊनही लोक ते ठेवून देतात. एकदा एका नव्या जोडप्याला त्यांनी असंच पाकीट दिलं. नवरीने ते उलगडलं तर आत तिचंच नाव, तिच्याच लग्नाची तारीख आणि 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं लिहिलेलं. मी शरमेने खाली बघू लागले. व्याही मात्र खूश होते. तिची पत्रिका तिला सही-सलामत परत पोचली, यात चूक काय, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

पाककृतीत त्यांचा एकच नियम. "चार जिनसाइच्या वर गेलं, की तो सयपाक नाही, लगन हाय," असं ते म्हणतात. आणि चार जिनसांत हा माणूस काय काय करतो! हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे तव्यावर भाजून हिरवी मिरची आणि लसणासोबत रगडतात, वर कच्चं तेल सोडतात. तो ठेचा भाकरीवर घेऊन खाल्ला, की ऑफिसातली दुपारची मीटिंग सुसह्य होते. नवीन काही जमलं की त्यांना दम निघत नाही, सकाळी अकराला माझ्या टेबलावर फोन वाजतो आणि न विचारता सुरू होतं, "लिहून घ्या." मी पदार्थांची वही आखून ठेवते, जिन्नस, प्रमाण, वेळ असे तीन रकाने. तिखट किती, असं मी विचारते. "खानाऱ्याचं तोंड पाहून." आणि मीठ? "तिखट पाहून." भाजायचं किती वेळ? "शेजारी विचारत येईस्तोवर, काय करून राहिले म्हनून." त्यांच्या पाककृतींच्या पानांवर प्रमाणाचा रकाना असा भरलेला आहे, आणि गंमत म्हणजे त्याबरहुकूम केलेलं एकदाही बिघडलं नाही.

बिघडला तो फक्त साबण. रिठे, शिकेकाई आणि कडुनिंब उकळून केलेल्या त्या काळ्या वड्यांना फेस येत नाही. फेस हा कंपन्यांनी लावलेला नाद आहे, असं ते समजावून सांगतात. त्यांची बायको, म्हणजे माझी विहीण, ही फार कमी बोलणारी बाई. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी अकोल्याला राहायला गेले, तेव्हा तिने मला आत नेलं, तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि दुकानातली गुलाबी साबणवडी काढून माझ्या हातात ठेवली. वापरून झाली की पुसून पुन्हा तिथेच ठेवा, इतकंच म्हणाली. माझी तिच्याशी मैत्री त्या क्षणी झाली.

तर अशा या माणसाच्या एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या जावयाला, गेल्या उन्हाळ्यात कंपनीने आयर्लंडला पाठवायचं ठरवलं. माझी लेकही सोबत जाणार. विमान नागपूरहून असल्याने शेवटचा आठवडा दोघं अमरावतीला आमच्याकडे होती. एका बॅगेत कपडे आणि कागदपत्रं, दुसऱ्या बॅगेत संसार, आणि प्रत्येक बॅगेला मर्यादा तेवीस किलोंची. संसाराच्या बॅगेची यादी मी केली होती. तळाशी माझ्या यादीतल्या अत्यावश्यक वस्तू भरून झाल्या होत्या. वरच्या जागेत "आमचं थोडंसं" येईल, असं व्याह्यांनी फोनवर सांगितलं होतं.

थोडंसं रविवारी सकाळी ऑटोतून उतरलं, दोन पोत्यांत. बायकोच्या जुन्या लुगड्यांची गोधडी, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या, मुगाच्या वड्या, डंकावर कुटून आणलेलं तिखट, लाकडी रवी, करवंटीचे डाव, वाती, रिठ्याची पूड (साबण नाही, बहुधा विहिणीने तो वाटेत कुठेतरी हरवला असावा), शिंदीच्या पानांचा हातभर झाडू आणि एका मोठ्या डब्यात सरगुंडे. सरगुंडे हा आमच्या भागातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वेळखाऊ प्रकार. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती काडीभोवती गुंडाळायची, काडी सरकन ओढून घ्यायची, आणि ती पोकळ गुंडाळी उन्हात टाकायची. वाफवून आंब्याच्या रसासोबत खातात. जावयाला लहानपणापासून ते इतके आवडतात, की व्याही महिनाभर रोज सकाळी काडी घेऊन बसले होते. बाजारात मिळत नाही अशी तेवढी एकच वस्तू त्यांच्या हातात होती आणि ती मुलासोबत जायलाच हवी होती. बाकी झाडू-बिडू सगळा त्याच्या भोवतीचा लवाजमा.

सगळं कोंबून मी बॅग लोंबत्या काट्याला अडकवली. साडेएकतीस. लेक मटकन सोफ्यावर बसली. व्याह्यांवर काही परिणाम नाही. त्यांनी एक सरगुंडा उचलला, दाबून पाहिला, बिबडीला नख लावलं आणि निर्णय दिला, "घाबरू नका. आजून ओलं हाय. वाळलं की उतरते."

आणि मग आमच्या घरात जो आठवडा झाला तसा लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. मे महिन्यातलं अमरावतीचं ऊन म्हणजे एरवी शिव्या द्यायची गोष्ट. त्या आठवड्यात आम्ही सगळे सकाळी उठून आभाळाकडे आशेने बघत होतो. सात वाजता गच्चीवर बाजा मांडल्या जायच्या, त्यावर धुतलेली धोतरं, आणि धोतरांवर आयर्लंडला जाणारा संसार. जेवढं पाणी उडेल तेवढं वजन घटेल, या न्यायाने व्याह्यांनी पहिल्या दिवशी खाण्याचं वाळवलं, दुसऱ्या दिवशी गोधडी आणि लाकडी रवी वाळवली, तिसऱ्या दिवशी रिकामी बॅग पालथी घालून वाळवली. जावयाचे बूटही नेले होते, ते तो पायात घालायला शोधत आला म्हणून वाचले. विहीण छत्री घेऊन चिमण्या हाकलायला बसली. दर दोन तासांनी सगळं उलटायचं काम माझ्याकडे. मी ऑफिसातून रजा काढली, फ्रिजवर तक्ता चिकटवला आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांदेखत वजन करू लागले. तीस. टाळ्या पडल्या. अठ्ठावीस किलो नऊशे. समोरच्या घरातली माणसं गच्चीवरून आज किती म्हणून विचारू लागली. तिसऱ्या दिवशी अठ्ठावीस शंभर. शेजारच्या काकूंनी आमची पाण्याची टाकी सावली पाडते म्हणून स्वतःची गच्ची देऊ केली. मी, जिला ओल्या-वाळल्याचं शास्त्र चांगलं कळतं, तीसुद्धा मनात हिशेब मांडत होते की हाच वेग राहिला तर शनिवारपर्यंत तेवीस गाठू.

बुधवारी काटा सत्तावीस किलो नऊशेवर आला. गुरुवारी दिवसभर रणरणतं ऊन होतं, तरी संध्याकाळी काटा सत्तावीस किलो नऊशेच. मी काटा झटकला, पुन्हा अडकवला. तेच. बॅग उघडून व्याह्यांनी दोन सरगुंडे एकमेकांवर आपटले. काचेसारखा आवाज आला. ते म्हणाले, "पानी संपलं, इहीणबाई. आता राह्यलं ते सामानच हाय."

तेव्हा जावयाने, अगदी हळू आवाजात, वडिलांचा ताण कमी व्हावा म्हणून म्हटलं, "बाबा, तिथं सारं भेटते. तुमी कावून जिवाले तरास करून घेता?"

बिचाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण व्याह्यांनी मान डोलावली आणि बॅगेतून आपल्या वस्तू काढायला सुरुवात केली. आधी झाडू, मग डाव, मग रवी. एकेक वस्तू पोत्यात जात होती, नीट, जशी आणली होती तशी. गोधडीची घडी त्यांनी दोनदा मोडून पुन्हा घातली. सरगुंड्यांच्या डब्यावर हात ठेवला आणि तसेच थांबले. आणि मग ती तांदळाच्या कोठीतून साबण काढणारी बाई, इतकी वर्षं त्यांच्या काळ्या वड्यांशी लपूनछपून लढलेली, नवऱ्याकडे बोट करत मुलाला म्हणाली.

"तुले सारं भेटन रे तिथं. याइले घेनारं कोन भेटन?"

मी घाईघाईने बॅगेत वाकले, खरं तर कोणाशी नजर मिळू नये म्हणून. आणि तळाशी मला माझ्या यादीतलं अत्यावश्यक दिसलं. पाच लिटरचा कुकर, जाड तवा, इस्त्री, स्टीलचे चार डबे. पाच दिवस आम्ही त्यांच्या वस्तू उन्हात भाजल्या, उलटल्या, मोजल्या. माझ्या वस्तूंकडे कोणी बोट दाखवलं नाही, कारण त्या वाळणाऱ्या नव्हत्या. आणि फ्रिजवर रोज तक्ता लिहिणाऱ्या मलाही ते सुचलं नव्हतं. मी कुकर बाहेर काढला. तवा काढला. इस्त्री काढली. डबे काढले. व्याही धावत आले, कुकर राहू द्या म्हणून, पोरं उपाशी राहतील म्हणून. मी त्यांना सांगितलं, "इवाईबुवा, कुकर तिथं भेटते."

पहिली हसली ती विहीण. मग सगळेच. व्याह्यांच्या वस्तू पोत्यातून परत बॅगेत गेल्या, झाडूसकट. काटा बावीस किलो आठशेवर थांबला, आणि उरलेल्या दोनशे ग्रॅमचं काय, म्हणून ते दुसऱ्या मिनिटाला घरभर काही बसेल असं हुडकत फिरू लागले.

याला आता वर्ष होत आलं. लेकीचे फोन येतात. बिबड्या संपल्या, तिखट संपत आलं, गोधडी रोज अंगावर असते, झाडूची तिथल्या शेजारणीने चौकशी केली. परवा मी सरगुंड्यांचं विचारलं, तर ती हसायला लागली. डबा अजून उघडलाच नाही म्हणे. सारं भेटते म्हणणाराच तो उघडू देत नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि रविवारी खाली उतरवून, झाकणाशी कान नेऊन हलवून बघतो आणि परत ठेवतो. एकदा खाल्ले की संपतील, म्हणतो.

मी लगेच अकोल्याला फोन लावला. ही बातमी सांगायची मला कोण घाई झाली होती. व्याही त्या वेळी गच्चीवर वाळवण घालत होते. या वर्षी कोणासाठी, हे मी विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, अस्सं ठेवून काय कामाचं, खराब होतील, त्याले म्हनाव खाऊन टाक, पुन्हा करून देतो.

मी बरं म्हटलं. फोन ठेवणार, इतक्यात त्यांनी थांबवलं.

"इहीणबाई, नोका सांगू त्याले. राहू द्या." आणि मग, "चांगले वाळले हायेत. टिकतीन."