घरटी एक लाकूड

मी चौथी नापास. सही येते, पण अक्षराला अक्षर जोडत. ती एक सही केली नाही म्हणून गावकीने मला वाळीत टाकलं, त्याला आता तीन वर्षं झाली.

आमचं गाव पनवेलला लागून. सुकापूरच्या बाजूच्या इमारती वाढत वाढत आमच्या बांधाला टेकल्या. गावदेवीची घुमटी ज्या तुकड्यात आहे तो सातबाऱ्यावर माझ्या नावाचा. बिल्डरला तिथून रस्ता पाहिजे होता. गावकी कबूल झाली, देवी दुसरीकडे बसवू म्हणाली. मी बैठकीत उभा राहून म्हणालो, "तुमची आय उचलून दुसरीकडं ठेवता काय?" माझी जीभ पहिल्यापासून अशीच. त्या दिवसापासून आमच्याशी बोलणं बंद, लग्नाचं बोलावणं बंद, दुकानात माल बंद. माझ्या बायकोच्या जन्माच्या मैत्रिणी हिला बघून दार लावायला लागल्या. मी रोज देवीपुढे दिवा लावायचो आणि रोज एकच मागायचो, ह्या लोकांची खोड मोड. काही झालं नाही. देवी बहिरी असावी असंही मनात आलं, लपवत नाही.

मग हिचं पोटाचं दुखणं वाढलं. शेवटी शेवटी ती फार बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, "मला चार मानसं भेटतील ना वो? आन गावच्याच मसनात न्या, सासूबायजवळ." मी म्हणालो, "देवी बघंल." म्हणालो खरा, पण चार माणसं कुठून आणायची ते मला ठाऊक नव्हतं.

ती गेली सकाळी. आमच्यात माणूस गेलं की घरटी एक लाकूड येतं. सांगावं लागत नाही. बाया रडायला येतात, पुरुष येताना खांद्यावर लाकूड घेऊन येतात आणि अंगणात टाकतात. त्या दिवशी माझं अंगण झाडलेलं होतं तसंच राहिलं. उरणहून लेक तेवढी आली. जावई बंदरात कामावर, त्याला यायला संध्याकाळ होणार होती. ऊन चढलं. समोरच्या घरात कुकरची शिट्टी वाजली, ती अजून माझ्या कानात आहे.

दुपारी गावकीचा म्होरक्या आप्पा अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. आत आला नाही. खिशात कागद होता. "आता तरी आडमुठेपना सोड. सही कर, पाच मिनटात चाळीस मानसं उभी करतो. बायकोला किती येळ ठेवशील?"

लेक माझ्याकडे बघत होती. मी उठलो आणि देवीकडे गेलो.

तिथे मी देवीला शिव्या दिल्या. तुझ्यासाठी भांडलो आणि तू माझ्या बायकोला चार खांदे देत नाहीस, असं ओरडलो. ओरडून ओरडून आवाज संपला तेव्हा खाली बसलो. म्हणालो, मला जिंकायचं नाही आता. तुला जे करायचं ते तुझ्या वेळेला कर. ही जागा तुझी, मी तुझा, घरात पडलीय तीही तुझी.

मागे कोणीतरी उभं होतं. चाळिशीची बाई, हातात ओटीचं ताट. म्हणाली, "बाबा, कोन गेलं?"

मी सांगितलं. तिने ताट देवीपुढे ठेवलं. "मी हिराजीची सून. आपटा गावाला ऱ्हातो आमी, लाकडाची वखार हाय. पनवेलला माल टाकायला आलो, म्हटलं देवीला भेटून जावं. सासरा गेल्यावर गाव सोडलं, त्यानंतर आजच आले."

माझी मान खाली गेली. वीस वर्षांमागे हिराजीच्या मुलाने परजातीतली पोर आणली म्हणून आम्ही हिराजीला वाळीत टाकलं. तेव्हा मी पंच होतो. हिराजी मेला तेव्हा एक घर लाकूड न्यायला निघालं होतं, त्यांना मी आडवा गेलो होतो. ती पोर ही.

मी म्हणालो, "त्या वक्ताला पंचात मी होतो, बाय."

"म्हायती हाय. तुमचाच आवाज मोठा होता." तिने पदर खोचला. "सासऱ्याचं सरन आमी घराची दारं मोडून रचलं. म्हनून तुमाला काय वल्लं लाकूड देऊ? उठा, टेम्पोत सुकं हाय, नवरा आन दीरबी हायत."

मडकं मी धरलं. खांदा दिला तिच्या नवऱ्याने, दिराने, तिने आणि माझ्या लेकीने. गावात बायांनी कधी खांदा दिला नव्हता. सगळ्या खिडक्या अर्ध्या उघड्या होत्या, बाहेर कोणी आलं नाही. आप्पा वळणावर उभा होता, कागद हातात तसाच. आम्ही त्याच्यासमोरून गावच्या मसणात गेलो.

घरी आल्यावर मला कळलं. मी तेव्हाच सही केली असती तर घुमटी तिथे नसती आणि ती बाई कुठे थांबली असती? आणि मी वाळीत पडलो नसतो तर हिराजीच्या अंगणात त्या दिवशी काय होतं ते मला मरेपर्यंत कळलं नसतं. तीन वर्षं मी देवीकडे दुसऱ्यांची खोड मोडायला मागत होतो. तिने आधी माझी मोडली. उशीर मला वाटत होता, तिला नव्हता.

गाव अजून बोलत नाही. कागद अजून आप्पाकडे आहे, जागा अजून देवीची आहे. मी पडवीत पत्र्याखाली एक जाड लाकूड सुकं ठेवतो. आप्पाची आई अंथरुणाला खिळलीय असं ऐकतो. ती गेली तर मला कोणी बोलावणार नाही, हाकलतीलही. मी लाकूड घेऊन जाईन, अंगणात टाकीन, आणि देवीचं नाव घेऊन परत येईन.