सालेकशाचं वावधन

मे महिन्यात गोंदियाला जाते म्हटल्यावर नाशिकमध्ये सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. मी भूगोल शिकवते. वादळं बघायची तर उन्हाळ्यातच जायला हवं. शिवाय कॉलेजातली मैत्रीण चंद्रकला सालेकशाजवळ भातशेती करते, ती कधीची बोलावत होती.

गोंदिया स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "इतनी धूप में कहाँ मॅडम? सालेकसा की गाडी आने तक पंखे के नीचे बैठो." मी पंख्याखाली जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी भात आणि लाखोरीचं (लाखेच्या डाळीचं) वरण जेवून आम्ही फळीवर (तेंदूपानं गोळा करायच्या जागी) निघालो. वाटेत रिकाम्या बांध्यांतून (भाताच्या खाचरांतून) धुळीचा एक उंच खांब गरगरत गेला.

"हाच काय तुझा टोर्नेडो?" चंद्रकलेनं विचारलं.

"ही वावटळ. तापलेल्या जमिनीवरून, निरभ्र आकाशाखाली उठते. टोर्नेडो ढगातून खाली उतरतो."

चालता चालता तिला सांगितलं. खाली समुद्रावरून आलेली उबदार, दमट हवा, वर कोरडी, थंड हवा आणि उंचीगणिक दिशा बदलणारा वारा, हे तिन्ही जुळले की मोठा ढग स्वतःभोवती फिरू लागतो. अमेरिकेच्या मधल्या मैदानांवर हे वसंतात घडतं, बहुतेक दुपार उलटल्यावर. आपल्याकडे मार्च ते मे, बंगाल, ओडिशा आणि बांगलादेशात. उपसागराचा ओलावा गोंदियापर्यंत पोचतो, पण हे सगळं इथं क्वचितच जुळतं.

फळीवर पोचलो तेव्हा पश्चिमेला काळा ढग चढला होता. वारा एकाएकी थांबला. मोठ्या मोहाखाली पाच-सहा बाया तोडलेल्या पानांचे पुडे सांभाळत बसल्या होत्या.

"इथून उठा, त्या समोरच्या शाळेत चला," मी म्हणाले.

सुकवारोबाई नावाची म्हातारी हलेना. "काऊन जी? सकाळपासून पानं तोडून रायली. भिजली तं कोन घेईन?"

"वीज उंच झाडावर पडते, आणि हा वारा झाडं पाडणारा आहे. पुडे आम्ही उचलतो."

"तं उचला मंग!"

ओझी डोक्यावर घेऊन आम्ही धावलो. व्हरांड्यात पाय टाकतो तोच वावधन (वादळ) आलं. गारा पत्र्यावर अशा आदळल्या की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. सुकवारोबाईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. खरं सांगते, मीही तिचं धरलं होतं.

पाऊस उघडल्यावर बघतो तर मोह मुळासकट आडवा, बाया बसल्या होत्या तिथंच. फळीवर वाळत पसरलेली पानं चिखलात गेली होती.

"चक्कर (गरगरणारं वादळ) आली, चक्कर!" कुणीतरी ओरडलं.

मी पडलेली झाडं बघत फिरले. सगळी पूर्वेकडे पडली होती. टोर्नेडोनं ती वेगवेगळ्या दिशांना फेकली असती. हा ढगातून कोसळून सरळ पसरलेला वारा होता. तसं मी सांगितलं.

"नाव कायी असो, मोह तं पडला नं," सुकवारोबाई म्हणाली. तिनं बुंध्यावर हात ठेवला. "माही सासू याचीच फुलं वेचे."

"पडला, पण आपण खाली नव्हतो."

ती माझ्याकडे बघून हसली. "हव, थे खरं."

आता वर्गात टोर्नेडोचा नकाशा दाखवताना मी बंगालच्या उपसागरापासून बोट पश्चिमेला सरकवते आणि सालेकशावर थांबवते. इथं टोर्नेडो सहसा येत नाही, असं ठामपणे सांगते. आणि तितक्याच ठामपणे हेही सांगते, की काळा ढग चढला आणि वारा थांबला, तर त्याचं नाव ठरेपर्यंत झाडाखाली बसायचं नाही.