दोन बोटांची फट

माझे वडील कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करून बघायचे. माणसांची विचारपूस नंतर. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही बोरिवलीला गेलो, तेव्हा पोहे येईपर्यंत त्यांनी यजमानांना स्वयंपाकघराची भिंत कुठून ओल धरते ते सांगून टाकलं. लग्न जमलं नाही. ‘पण सांगितलां ता खरां होतां,’ एवढंच ते परत येताना म्हणाले.

ते गवंडी. तरुणपणी मालवणाकडून आले आणि चुन्याच्या कामात मुरले. सिमेंटने चुन्याची सद्दी संपवली, तरी मुलुंडमध्ये कुणाच्या भिंतीला तडा गेला की बोलावणं त्यांनाच यायचं. मी शिकलो आणि घाटकोपरला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

मुलुंडला एक जुनं वाचनालय होतं. दगडचुन्याचं, बैठं, समोर तीन कमानी. कमिटीला जागा पुरेना, तेव्हा पाडून नवीन बांधावं असं बहुतेकांचं मत पडलं. वडील न बोलावता त्या सभेत गेले. म्हणाले, मागे हवं ते बांधा, पुढचं राहू द्या. ही भिंत तुमच्या नातवंडांना पुरेल, माझा शब्द. त्यांच्या शब्दावर कमानी वाचल्या. काम आमच्याच ऑफिसकडे आलं.

साहेबांनी फार देखणं डिझाइन केलं. मागे तीन मजली काँक्रीटची इमारत, पुढे जुना दगड. नवे खांब जुन्या भिंतीच्या अगदी जवळ उभे, पण तिला टेकलेले नाहीत. मध्ये दोन बोटांची फट, आणि तिच्यावर पाणी अडवायला काच. मी ते ड्रॉइंग शाईत उतरवलं, तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला होता.

बांधकाम खांबांपर्यंत आलं आणि कमिटीतले दोघे साइटवर येऊन कुरकुरले. फटीतून पाणी येणार, उंदीर होणार. साहेब नाशिकला गेले होते. मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! जुन्या भिंतीत सळ्या ठोकून त्या नव्या खांबांना बांधल्या आणि फट काँक्रीटने भरायला सांगितली. जुनी भिंत खांबांना धरून आणखी भक्कम होईल, असा माझा हिशेब होता.

फट भरायच्या आदल्या दिवशी वडील तिथे आले.

“ह्यां काय केलंस?” ते म्हणाले. “नवीन बांधकाम बसता रे. वरीसभर खाली बसता. जुन्याचा बसान कधीच झाला. दोघांक बांधलंस तर नवा जुन्याक ओढून नेतला. सळयो कापून टाक.”

“बाबा, तुमचा चुन्याचा जमाना गेला,” मी सगळ्या मजुरांसमोर म्हणालो. “इथे गणित असतं. उगाच माझी वाट लावू नका ना.”

एक मजूर हसला. वडिलांनी टोपी सारखी केली आणि ते घरी गेले. साहेब परतले तोवर वरून प्लास्टर झालं होतं. कमिटीला फट नको होती म्हणून भरली, एवढंच मी त्यांना सांगितलं; सळ्यांचं नाव काढलं नाही.

वडिलांनी मात्र त्या जोडावर काचेची एक पट्टी चिकटवली. ही त्यांची जुनी रीत. भिंत हलली तर डोळ्यांना तडा दिसायच्या आधी काच फुटते. इमारत पुरी झाली, उद्घाटन झालं, पेपर वाचायला म्हाताऱ्यांची गर्दी होऊ लागली, आणि वडील रोज सकाळी जाऊन ती काच बघून यायचे. एके दिवशी मी जेवत होतो, तेव्हा त्यांनी काचेचे दोन तुकडे माझ्या ताटाशेजारी ठेवले.

“सायबाक सांग. अजून सळयो कापता येतील.”

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती. आज करू, उद्या करू म्हणत मी दिवस काढले, आणि एका सकाळी मधल्या कमानीच्या माथ्याचा दगड निसटून पायरीवर पडला. कुणाला लागलं नाही. तडा वरपर्यंत गेला होता. भिंत धोकादायक ठरली आणि चार दिवसांत तिन्ही कमानी उतरवल्या. मी तिथे उभा राहून ते बघितलं.

मग कमिटीची सभा झाली, वडिलांनाही बोलावलं होतं. साहेबांच्या मागे मी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन बसलो होतो. कुणीतरी वडिलांना विचारलं, “तुमच्याच शब्दावर भिंत ठेवली होती ना?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“माजो अंदाज चुकलो,” ते म्हणाले. “भिंत आतून पोकळ होती. माका कळला नाय.”

आयुष्यात त्यांनी भिंतीबद्दल बोललेलं ते एकमेव खोटं. मला तोंड होतं, जीभ होती. मी गुंडाळीची दोरी सोडत आणि बांधत बसलो. घरी जाताना मी ‘बाबा’ एवढंच म्हणालो, तर ते म्हणाले, “नोकरी सांभाळ.” त्यानंतर मुलुंडमध्ये तडा दाखवायला त्यांना कुणी बोलावलं नाही. सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते खिडकीशी बसायचे.

दशक संपायच्या आधी ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी वाचनालयात गेलो. खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाटेत चार वेळा वाक्य घोकलं. सेक्रेटरींनी मला ओळखलं, बसवलं, चहा मागवला.

“तुमचे वडील फार सच्चे,” ते म्हणाले. “आपली चूक अशी चारचौघांत कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.”

मी ‘हो’ म्हणालो आणि चहा संपवला.