गंजका हात

आमच्या कारखान्यात भुगा पडत नाही. इतर ठिकाणी लोखंड कापतात, म्हणून संध्याकाळी झाडायला काहीतरी असतं. आम्ही आटे कापत नसू, दाबून उठवत असू. गुळगुळीत गोल रॉड दोन कडक रोलरांच्या मध्ये घालायचा, रोलर फिरू लागले की रॉडवर नागमोडी खाच उमटते. लोखंडाचा कणही वाया जात नाही. त्यामुळे जळगावच्या एमआयडीसीत इतकी वर्षं कारकुनी करून माझ्याजवळ साठलं काय, तर किस्से. त्यातले निम्मे माझ्यावरच आहेत. उरलेल्या निम्म्यांत मी हजर होतो.

*

आमचा माल म्हणजे बॉल स्क्रू. हे जामनेरला सासुरवाडीत एकदाच सांगितलं आणि फसलो. मेहुणा म्हणाला, पुढच्या खेपेला मूठभर घेऊन या, दाराची बिजागरी निखळली आहे.

मी त्याला समजावत बसलो. आमचा स्क्रू पुरुषभर उंचीचा असतो. त्यावर एक नट बसतो, नटाच्या पोटात पोलादी गोळ्या असतात, त्या खाचेतून पळतात आणि फिरून मागे येतात. मोटर रॉडला जागच्या जागी फिरवते आणि नट सरळ पुढे सरकतो. केळीचे वेफर्स पुड्यांत भरणाऱ्या मशीनपासून लोखंड कापणाऱ्या मशीनपर्यंत सगळीकडे हेच.

सासूबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे गरगर फिरायचं एकानं आणि पुढे जायचं दुसऱ्यानं. मग त्यात नवीन काय काढलं तुमच्या मालकानं?"

*

मालक म्हणजे नाना. मूळचे दोंडाईच्याचे, घरचं कापसाचं जिनिंग सोडून या धंद्यात आलेले. मी डिस्पॅचला होतो. तयार रॉड मोजायचा, कागद करायचे, गाडीत चढवून द्यायचा. जाताना प्रत्येक रॉडवरून हात फिरवायचा मला नाद होता. लेकीला सासरी पाठवताना बाप फिरवतो तसा.

एकदा पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून रॉड परत आला. पॉलिश केलेल्या अंगावर पाच तांबडे ठिपके, हाताच्या बोटांसारखे.

तपासणीच्या वाणी मॅडम कोणाला ओरडत नसत, म्हणून सगळे त्यांना घाबरत. त्यांनी सांगितलं की काही माणसांच्या घामाला लोखंड सोसत नाही, त्यांनी नुसता हात लावला तरी गंज चढतो. मग त्यांनी सगळ्या नोकरमाणसांच्या हातात एकेक चकचकीत तुकडा दिला, थोडा वेळ धरायला लावला आणि ओल्या फडक्याखाली ठेवून दिला. सकाळी फडकं उचललं. बाकीचे तुकडे आरशासारखे. एकच असा लाल, जणू कुंकवात बुडवून काढलेला. त्याच्या चिठ्ठीवर माझं नाव होतं.

नाना हसून हसून खोकले. "भाऊसाहेब, मालावर आजवर कोणाची छाप पडली असेल तर तुमचीच!"

त्या दिवसापासून जमिनीवर एक पिवळी रेघ आली. रेघेपलीकडे माल आणि त्याला अधूनमधून थोपटणारे नाना, अलीकडे मी. आणि नानांच्या डोक्यात धुळे आलं.

*

धुळ्याला आमचं विक्रीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे जिन्यावरची एक खोली, एक टेबल आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणारा पंखा. तिथं हात लावण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणजे माझ्यासाठी आदर्श जागा. रोज एसटीनं जा, एसटीनं या. निवृत्तीला चारदोन वर्षं राहिलेली. माझी सगळी माणसं, सगळा चहा आणि सगळी चेष्टा जळगावात. धुळ्याला मी पंख्याशी काय बोलणार?

म्हणून मी इथंच उपयोगी पडायचं ठरवलं. हातमोजे मागून घेतले आणि नट मोजायला बसलो. एक नट रॉडच्या तुकड्यावर बसवून ठेवलेला होता. आतून कसा दिसतो ते पाहावं म्हणून तो सरकवत सरकवत टोकाशी नेला आणि टोकाच्या बाहेर काढला. तिथं त्याला आधार द्यावा लागतो हे मला माहीत नव्हतं. नटाच्या पोटातल्या सगळ्या गोळ्या मोत्याची माळ तुटावी तशा जमिनीवर पसरल्या.

"जागचे हलू नका," वाणी मॅडम म्हणाल्या. एका नटातल्या गोळ्या केसभरही लहानमोठ्या चालत नाहीत. एक हरवली की सगळ्या बदलायच्या. सगळा कारखाना होता तसा उभा राहिला. चहावाला एका पायावर. मॅडमनी गुडघ्यावर बसून एकेक गोळी वेचली. एक कमी भरली.

ती दोन दिवसांनी आमच्या न्हाणीघरात सापडली, माझ्या पँटच्या दुमडीतून. सौ.नी ती चिमटीत धरून विचारलं, "ऑफिसात गोट्या खेळण्याचा पगार देतात का?"

*

पुढे कारखान्यात गणपती आले. आरतीच्या वेळी मूर्ती हळूहळू वर यावी अशी सजावट मी सुचवली. पोरं बाजारातून साधा स्क्रू आणत होती. मी म्हटलं, घरात कारखाना असताना बाजार कशाला? नाकारलेला एक रॉड उभा केला, त्याच्या नटावर पाट, पाटावर बाप्पा. मोटर लावली. बाप्पा असे लोण्यातून आल्यासारखे वर आले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे होऊन नमस्कार केला, टाळ्यांना.

तेवढ्यात लाइट गेली. साधा स्क्रू असता तर घट्ट धरून राहिला असता. आमचा माल उत्तम. त्यात अडकणं, घासणं काही नाही. बाप्पांचं वजनच रॉडला फिरवू लागलं आणि मूर्ती सगळ्यांदेखत शांतपणे खाली जाऊन फुलांमागे दिसेनाशी झाली.

अंधारात नाना म्हणाले, "बाप्पा आपल्या पायांनी गेले. तुम्हाला मात्र मी गाडी करून देईन, भाऊसाहेब. धुळ्याची."

*

दिवाळीनंतर पुण्याहून पुन्हा एक रॉड परत आला. पुन्हा पाच बोटं. मी रेघ ओलांडली नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. पण ज्याच्या घामाची ही कीर्ती, त्याच्या शब्दाला कोण विचारतो? एकदा तर माझाच माझ्या हातावरचा विश्वास उडाला, झोपेत येऊन गेलो की काय! नानांनी धुळ्याला फोन करून माझ्यासाठी खुर्ची सांगितली. सोमवारपासून जायचं ठरलं.

वाणी मॅडम म्हणाल्या की नवी पोरं आली आहेत, एकदा सगळ्यांचे हात पुन्हा बघते. नाना म्हणाले, बघा. त्यांचे वडील आबा दोंडाईच्याहून आले होते, कोपऱ्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, "बठ्ठासना म्हणजे बठ्ठासना. तुना बी."

सगळ्यांचे म्हणजे नानांचेही. नाना हसले. एक तुकडा त्यांनीही धरला.

सकाळी आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. मी डबा सोबत आणला होता, एसटीची सवय व्हावी म्हणून. मॅडमनी फडकं उचललं. दोन तुकडे लाल होते. पहिल्यावर माझं नाव. दुसरा मॅडमनी उचलून नानांच्या पुढे ठेवला.

आबांनी चष्मा लावून तुकडा निरखून पाहिला आणि समाधानानं मान हलवली. "याना आजाना हात बी असाच व्हता. इळा धरा का दुसरे दिन लाल."

आजोबांच्या हाताचा आणि विळ्याचा हा वारसा ऐकून नाना तुकड्याकडे पाहत राहिले. मग हात पाठीमागे घेतले.

वाणी मॅडमनी फोन हातात घेतला आणि नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "नाना, धुळ्याला एक खुर्ची सांगितली आहे. दोन सांगू?"