विश्वकर्मा पूजेला लागलेला होल्ड

सुरुवातीलाच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. हे सगळं होऊनही नाही… त्यामुळे "ताई, लिंबू-मिरची बांधा" असं कमेंटमध्ये लिहायचे कष्ट घेऊ नका.

मी रायपूरची, ब्राह्मणपाऱ्यात राहते. पुरानी बस्तीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर सांभाळते. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे पेशंट खूप. लांबच्या गावांतून येतात, कागद भिजलेले नाहीतर हरवलेले. त्यांचे वर्षानुवर्षांचे रिपोर्ट एका डेटाबेसमध्ये आहेत. तो गेला की सगळं गेलं.

हे काम मला आधी हा सर्व्हर सांभाळणाऱ्या बोरकरकाकांनी शिकवलं. सर्व्हरवर कुठलंही पॅकेज, म्हणजे एखादा प्रोग्रॅम, घालताना-काढताना कमांडच्या शेवटी -y ठोकायची मला सवय. म्हणजे मशीननं "करू का?" विचारायच्या आधीच माझा होकार. काका वैतागायचे. "काहून एवढी घाई करून राहिली वं पोट्टी? हव म्हनाच्या आधी वाचत जा ना!" डेटाबेसच्या पॅकेजवर ते कायम होल्ड लावून ठेवायचे. होल्ड म्हणजे कुलूपच समजा. उन्हाळ्यात काका हार्ट अटॅकनं गेले. त्यांचं लॉगिन मी बंद केलं, होल्डही काढला.

विश्वकर्मा पूजेला सकाळी सर्व्हरसकट सगळ्या मशीनना टिळे लागले, नारळ फुटला, लॅब बंद. त्या दिवशी आमच्याकडे कुणी मशीनला हात लावत नाही. मला तेच हवं होतं — एक जुनी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतात तो कोड, मुळासकट काढायची होती. रिसेप्शनवरची सरिता म्हणाली, "दीदी, आज तो मशीन को आराम करने दो."

"मशीन थकत नाही गं. तू जा घरी."

ती गेली. भर दुपार, मी एकटी. कमांड दिली, अर्थातच -y लावून. सर्व्हरनं नकार दिला : डेटाबेसचं पॅकेज होल्डवर आहे. उन्हाळ्यात मीच काढलेला होल्ड!

लायब्ररी काढताना हा डेटाबेसचं नाव का घेतोय, असा प्रश्न पडायला हवा होता. मला फक्त राग आला. होल्ड काढला, निघाल्याची खात्री केली, परत कमांड दिली. परत तोच नकार. होल्ड लागलेला! बाहेरून कुणी घुसलंय असं वाटलं, म्हणून नेटवर्कची वायर उपटली. पुन्हा काढला… पुन्हा लागला.

"बरं बाबा, वाचते!" मी रिकाम्या खोलीत ओरडले. -y गाळून कमांड दिली, तेव्हा मशीननं काय काय जाईल त्याची यादी दाखवून "करू का?" विचारलं, आणि मी वाचलं. डेटाबेस त्याच लायब्ररीवर चालत होता. ती काढली की मागोमाग तोही जाणार होता, सगळ्या रिपोर्टसकट. "नाही" असं उत्तर देऊन बाहेर पडले. बॅकअप तर आहे, असं मनाला समजावत तो उघडला, तर फाइली रिकाम्या. बॅकअपची डिस्क कधीचीच भरली होती.

आता हुशार मंडळी म्हणतील, आपोआप होल्ड लावणारी एखादी स्क्रिप्ट असेल. सगळा सर्व्हर पालथा घातला, नाही. सर्व्हर प्रत्येक कमांडची नोंद ठेवतो त्या लॉगमध्ये होल्ड काढल्याच्या माझ्या कमांड आहेत, लावल्याची एकही नाही. "तूच विसरली असशील" म्हणणाऱ्यांनी समोर येऊन म्हणावं.

नवी डिस्क बसवली, बॅकअप घेतला, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला. डेटाबेस नव्या लायब्ररीवर हलवला. मग होल्ड काढला. या वेळी तो निघालेलाच राहिला, आणि काम बिनबोभाट झालं.

सरिता म्हणते, काका होते. मी म्हणते, नव्हते. मग कोण, ते मला आजही सांगता येत नाही. भीती वाटली का? मुळीच नाही. राग मात्र येतो. काकाच असतील, तर एवढं अडवता आलं त्यांना… मग एकदा "पोट्टी" म्हणायला काय झालं होतं?